समुद्रातलं वडनेर

पडद्यावर नऊ देशांचे नऊ चेहरे होते आणि इकडे वडनेर भोलजीत महामाया टेबलाखाली चपला काढून बसली होती. बरं, टेबलाखालचं कॅमेऱ्याला दिसत नाही.

चूक तिचीच होती. विज्ञानाच्या नोंदी जगभर एकाच पद्धतीनं ठेवायच्या, त्यात लहान गावंही घ्यायची, असं पडद्यावरच्या या समितीनं ठरवलं आणि गावातलं हवामान केंद्र यादीत गेलं. अक्षांश-रेखांश महामायानं भरले. उलटे. तेव्हापासून जगाच्या नकाशावर वडनेर नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात होतं आणि मे महिन्यात तिथून रोज पंचेचाळीस अंश कळवलं जात होतं. केंद्र रद्द झालं तर तिची नोकरीही रद्द.

"काय म्हून राह्यले वं थे?" कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेल्या तिच्या आईनं, भिमाबाईनं विचारलं.

"थांब ना, माय."

मग महामाया इंग्रजीत म्हणाली, "माझी चूक झाली. जागा चुकली. दुरुस्त करा."

"आम्हाला मागच्या जूनपासून माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण मोठ्या देशांनी लहान केंद्रं हलवू नयेत म्हणून नियम आहे. जागा बदलायला सहा मतं लागतात."

पाच हात वर झाले. सहावे सदस्य म्हणाले, आज एक गाव समुद्रातून काढलं तर उद्या सगळेच काढा म्हणतील.

"तर तुमचं केंद्र सुरू राहील," अध्यक्ष म्हणाले. "फक्त समुद्री केंद्रांचा तक्ता भरावा लागेल. आत्ताच सुरुवात करू. बर्फाची जाडी?"

महामायानं दाराबाहेर पाहिलं. टिनाच्या सावलीत एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं. खोटं कळवायचं नाही, एवढंच तर ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

"शून्य."

कोणी हसलं नाही. ज्यांनी हात वर केले होते, तेही नाही. मतदान झालं होतं. आता तो बर्फाळ समुद्रच होता. एका बाईनं तोंडावर हात ठेवला. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मागच्या वर्षी?"

"शून्यच."

भिमाबाई पडद्याकडे वाकली. "थो माणूस रडून राह्यला का वं?"

"हाव. इथं बरफ नाही म्हनून भेला थो."

"मंग सांग ना त्याले," भिमाबाई म्हणाली. "भेऊ नको म्हना. आपल्याइथं दरसाल असंच राह्यते."