दिवाळीचं लेबल

दिवाळीचा माल न्यायला जीप दारात उभी होती आणि चांगुणाबाईंची सून साक्षी शंकरपाळ्यांच्या पाकिटांवरची लेबलं नखानं सोलत बसली होती. ही माहेरच्या नावानं वेगळा धंदा काढणार, असा चांगुणाबाईंना पहिल्यापासून संशय होता. “आमचं नाव काढून कोणाचं चिकटवून राह्यली?” त्यांनी विचारलं. साक्षीनं पाकीट पुढं केलं. दिवाळीच्या लेबलाखाली जुनं लेबल होतं. त्यावर गणपतीतली तारीख. दुकानांतून परत आलेला तो माल फेकून दिला, असं लेकानं सांगितलं होतं. चांगुणाबाईंनी पाकीट फोडून वास घेतला. तेल खवट झालं होतं. जीपमध्ये खोकी रचणाऱ्या लेकाला त्यांनी हाक मारली. “प्रेम, हे काय?” “आई, दिवाळीत तारीख कोण वाचतंय?” तो हसला. “तुझी बायको वाचती,” म्हणत त्यांनी भरलेलं खोकं खाली ओढलं. “साक्षी, दुसरं धर.”