भोपळ्याची पहिली वाटी

सकाळीच गावाहून आलेल्या लंकाबाईंनी नातीची शेवटची दोन झबली पिशवीत कोंबली आणि चेन ओढली. तो आवाज ऐकून ओट्यापाशी उभ्या असलेल्या साधनाचा हात थांबला.

"आई, कसली पिशवी?"

"वेदिकाची. सहा महिने माझ्याकडं सिन्नरला राहू दे. वर्षाची झाली, चार दात आले का आणून सोडते."

वेदिका परवाच सहा महिन्यांची झाली होती. उष्टावण झालं होतं, मामाने अंगठीने खीर चाटवली होती. चमच्याने खरं जेवण आजपासून सुरू व्हायचं होतं. पोर नुसती अंगावर पीत होती तोवर सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. पाजायला डोळे लागत नाहीत.

"अजून पिते हो ती. कशी राहील?"

"राहील. वरचं दूध पाजू." लंकाबाई खुर्ची ओढून बसल्या. आवाज खाली आला. "हे बघ साधना, वाईट वाटून घेऊ नको. तुला दिसत नाय, हाय ते हाय. उद्या पोरीच्या घशात काय अडकलं, निळी पडली, तं कळंल का तुला? रविराजलाबी पटलंय. काल फोनवर बोललो आम्ही."

हे साधनाला माहीत नव्हतं. सकाळी सहाला सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाताना रविराजने डबा घेतला होता आणि फक्त "येतो" म्हणाला होता.

मग तिने गॅस बंद केला.

"गाडी अकराला आहे ना? भोपळा शिजलाय. एवढी वाटी भरवते तिला. मग काय ते ठरवा."

तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. वाफवलेल्या लाल भोपळ्याची फोड बोटांत दाबून पाहिली. ती सहज फुटली. मग एकेक फोड चाळणीत घेऊन चमच्याच्या पाठीने घोटू लागली. गर खाली पातेल्यात पडत होता, जाड धागे वर राहत होते. उकळून गार केलेलं पाणी तिने दोन चमचे घातलं आणि ढवळलं.

"मीठ?" लंकाबाईंनी विचारलं.

"वर्षापर्यंत नाही."

लंकाबाईंना राहवेना. त्यांनी पातेलं उचलून खिडकीपाशी नेलं, तिरपं करून उजेडात निरखलं.

"झालं की. लोण्यावानी झालंय. काय नाय ह्यात."

"द्या इकडे."

साधनाने तो गर स्टीलच्या ताटात पातळ पसरला. ताटाच्या वरच्या कडेला तर्जनी टेकवली आणि डावीकडून उजवीकडे नेली. मग खालची ओळ. मग तिच्या खालची. घाई नाही. लंकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्या ओळीत बोट थांबलं. साधनाने चिमटीत काहीतरी धरलं आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं.

"काय हे?"

"बघा."

लंकाबाईंना दिसेना. त्यांनी हात खिडकीबाहेर उन्हात धरला, अंगठ्याने चोळून पाहिलं, तेव्हा टोचलं. बीचं साल. कापलेल्या नखाएवढी कड, भोपळ्याच्याच रंगाची, चाळणीच्या भोकातून उभी निसटलेली.

"निळी पडलेली मला दिसणार नाही, आई," साधना म्हणाली. "म्हणून मी तिथवर जाऊच देत नाही."

बोट पुन्हा ओळीला लागलं. ताट संपलं तेव्हा तिने ते काटकोनात फिरवलं आणि आधीच्या ओळींना छेदत पुन्हा एकदा तपासलं. लंकाबाईंनी चार लेकरं वाढवली होती. अशा ओळी त्यांनी शेतात कांदे लावताना धरल्या होत्या, ताटात कधीच नाही.

साधनाने गर वाटीत काढला आणि वेदिकाला मांडीवर ताठ बसवलं. डाव्या हाताची करंगळी तिच्या हनुवटीखाली ठेवली. पहिला चमचा ओठांना लागला आणि जिभेने सगळा बाहेर ढकलला. लंकाबाई अर्ध्या उठल्या.

"बसा, आई. शिकतेय ती."

दुसराही बाहेर आला, गळ्यावरून झबल्यावर ओघळला. साधनाने पुसला. तिसऱ्या वेळी करंगळीला हनुवटी खाली जाताना कळली. चमचा आत गेला. क्षणभर काहीच नाही. मग गळ्याशी एक बारीक लाट आली.

"गिळला!" साधना म्हणाली. लंकाबाईंना तो गिळलेला दिसायच्या आधी म्हणाली. आणि सकाळपासून पहिल्यांदा मोठ्याने हसली.

चौथ्या चमच्याला वेदिकाने दोन्ही हातांनी चमचाच धरला. तो सोडवता सोडवता मायलेकी दोघी भोपळ्याने माखल्या. साधनाची पाठ ताठ होती, मान वर होती. गल्लीतल्या सगळ्यांनी येऊन बघावं, असा तिचा चेहरा होता.

लंकाबाईंचा फोन वाजला. कंपनीत चहाची सुट्टी झाली असणार. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे.

"आई, रिक्षा मिळाली का स्टँडला जायला?" रविराजचा आवाज खोलीभर झाला. "पोरगी रडली का?"

"मी निघते आता. पोरगी इथंच राहती."

"इथंच? अगं, आपलं ठरलं होतं ना? तिच्याकडं बघणार कोण?"

साधनाचा हात वाटीवर थांबला. लंकाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"तिची आई हाय की. लय बारीक बघती ती," त्या म्हणाल्या. "घरी आला का तूच जरा नीट बघत जा."