शर्यतीतला रिव्हर्स

"पुन्हा रिव्हर्स?" ती दारातूनच म्हणाली. "शर्यतीत कुणी मागे जातं का रे?"

गुडघे स्टिअरिंगला टेकवून, अंग चोरून नवरा कंप्युटरवरच्या शर्यतीच्या खेळाच्या सीटवर बसला होता. घरीच बनवलेल्या गिअरच्या दांड्याची कडी उचलून त्याने दांडा डावीकडे वर ढकलला. इवल्याशा डिस्प्लेवर भलामोठा लाल R उमटला. कडी न उचलता ढकलला, तर हिरवा 1. पुन्हा लाल. पुन्हा हिरवा. स्क्रीनवरच्या बाकीच्या गाड्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या.

"ती सीट तरी मागे घे. बेडूक दिसतोयस."

"असू दे गं. राहायला हवी तिथेच."

त्या खोलीचं पार गॅरेज झालं होतं. त्यांची लेक ठकी नुकती रांगायला लागली होती आणि सापडेल ते तोंडात घालत होती. त्यामुळे तिची आई रोज गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायची. कधी स्प्रिंग सापडायची, कधी वायरीचा तुकडा, कधी नखाएवढं लोहचुंबक. त्या चुंबकांच्या धास्तीने तिची झोप उडाली होती.

तिच्या रागाचं कारण मात्र निराळंच होतं. मागे एकदा ती दारातून गाडी मागे घ्यायला गेली, रिव्हर्स समजून पहिला गिअर पडला आणि गाडी उसळून समोरच्या भिंतीवर आदळली. मागच्या सीटवर ठकी होती. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून तिने किल्लीला हात लावला नव्हता. आता बाळंतपणाची रजा संपत आली होती. पाळणाघर गावाच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या. राजीनामा कसा लिहायचा, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. आणि याला खेळ सुचत होता!

"अरे, बघ ही काय चघळतेय!"

तिने ठकीच्या मुठीतून वायर सोडवली. डिस्प्लेमधून दोन वायरी निघत होत्या. एक कंप्युटरला जोडलेली, दुसरी नुसतीच लोंबकळणारी. त्या दुसरीच्या टोकाला जाडजूड गोल पिन होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"ही कंप्युटरला कशी बसणार?"

"नाही बसत," तो म्हणाला. "ती आपल्या गाडीतली. फोनचा चार्जर लावतो ना, तिथली."

तिने मान वर करून गिअरच्या दांड्याकडे पाहिलं.

"दांड्याखाली ते चुंबक चिकटवायचं, की गिअर कुठला पडलाय ते समोर दिसतं. इथे चुकत नाही ना, ते बघत होतो." तो ओशाळून हसला. "खेळ कुठला येतोय मला! रोज शेवटचा नंबर."

तो कसाबसा बाहेर निघाला. ती बसली. पाय अल्लद पेडलवर गेले, पाठ नीट टेकली. सीट जराही सरकवावी लागली नाही.

तिने कडी उचलली. लाल R. कडी न उचलता, हिरवा 1. पुन्हा लाल. मग तिने डोळे पुसले, डिस्प्ले काढून हातात घेतला आणि खुंटीवरची किल्ली उचलली.

"ठकीला घे," ती म्हणाली. "आणि तू मागे बस, तिच्याजवळ."