दहापट

"दहापट भिंगातून जो डाग दिसत नाही, तो हिऱ्यात नाहीच असं धरायचं. त्याहून खोल शिरायचं नाही, बाई!" हिऱ्याची पारख शिकवताना गुरुजी कायम हेच बजावत.

आज मात्र पारखीबाई पुढ्यातले हिरे सोडून मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसल्या होत्या. लेकानं पसंत केलेल्या मुलीचा फोटो आल्या आल्या त्यांनी तिचा चेहरा ताणून मोठा केला होता. संध्याकाळी तिला भेटायला येईन, असा शब्द त्यांनी लेकाला दिला होता, आणि आता तो मोडायला निमित्त शोधत होत्या.

"कशी आहे हो होणारी सूनबाई?" शेजारी पैलू पाडणाऱ्या काकांनी विचारलं.

"बाहीचं बटण तुटलंय. नखं खात असावी. आणि भुवया बघा, एक वर, एक खाली."

"अहो, पण किती पटीत बघताय?"

बाईंनी फोटो आणखी ताणला. "ताणेल तेवढ्या."

"एवढं ताणलं तर देवसुद्धा नापास व्हायचा, बाई!"

बाई ओशाळून हसल्या. त्यांनी फोटो पुन्हा होता तेवढा केला, आणि इतका वेळ चौकटीबाहेर गेलेला त्यांचा लेक तिच्या शेजारी उभा दिसला. डोळे मिटेपर्यंत हसत होता, अगदी लहानपणी हसायचा तसा.

बाईंनी गळ्यातलं भिंग काढून खणात ठेवलं आणि "येते हं" म्हणत त्या हळूच जिना उतरू लागल्या.