बिनसत्त्वाचा पिंड

घाटावर आईच्या दहाव्याचे पिंड मांडून झाले. गुरुजींनी सवयीने दर्भाचा कावळा वळायला घेतला.

"तांदळाच्या दाण्यादाण्यात जीवनसत्त्वं घालायचा कायदा झाल्यापासून कावळे कुणाच्याच पिंडाला शिवत नाहीत. मनाला लावून घेऊ नका."

"आमचा तांदूळ बिनसत्त्वाचा आहे," मिहीर हळूच म्हणाला. आईसाठी त्याने तो चोरून मिळवला होता.

कावळा लगेच उतरला. पिंडाशी येऊन मान तिरकी करून बघत राहिला आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

ऊन चढलं, तरी तो खाली येईना.

"दादा, बाबांना वृद्धाश्रमातून घरी आणतो म्हण ना," केतकी रडवेली होऊन म्हणाली.

मिहीर दमून पायरीवर टेकला.

"सगळ्यांसारखा कायद्याचाच तांदूळ आणायला हवा होता."