सातवं पान

"सातवा कोण?" वनपालानं तिसऱ्यांदा विचारलं.

काळूनं मान वर केली नाही. चौकीच्या फरशीवर पळसाची सात पानं ओळीनं मांडली होती. मटण कालच डब्यात सील झालं होतं. पानांवर आता नुसते वाळलेले डाग होते.

"टोळीत माणसं पाच. सहावं पान तुम्हीच आमच्या वाचमनच्या दारात नेऊन दिलंत, शहाण्यांनो. मग हे सातवं कुणाचं?" वनपालानं पेनानं शेवटचं पान सरकवलं. "आणि काल जीपमधून 'पळू नको, पळू नको' कुणाला ओरडत होतास? ह्यालाच ना?"



पाच माणसं सुरगाण्याच्या डोंगरातून येवल्याच्या माळावर कांदे काढायला आली होती. काळू, त्याची बायको भागी, चिमाजी, चिमाजीची शकुबाई आणि म्हातारी नवसाबाई. आल्या दिवशीच चिमाजी हरणांचा कळप बघून हसत सुटला होता. "आपल्याकडं रान हाय, हरण नाय. इथं हरण हाय, रान नाय!" डोंगरात भेकर मिळायचं ते दोन-दोन वर्षांनी, तेही अख्खा पाडा कुत्री घेऊन दिवसभर हिंडला तर. इथं काळवीट शेळ्यांसारखे झोपडीपर्यंत यायचे. मालकाचा हरभरा त्यांनी डोळ्यांदेखत खाल्ला, तरी मालकानं खडा उचलला नव्हता. "हात लावू नका रे बाबांनो, जेलात जाल," एवढंच म्हणाला होता.

काल दुपारी एक हरणी कोरड्या विहिरीत पडलेली सापडली. मागचे दोन्ही पाय मोडलेले. काळू दोर बांधून खाली उतरला. आधी त्यानं तिला आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं. मग कोयता चालवला.

वाटे त्यानं पाड्याच्या रिवाजानं घातले. माणशी एक. म्हाताऱ्याला जेवढा, तेवढाच तान्ह्याला. रानाच्या राखणदाराला एक, कारण डोंगरातला गार्ड आपलं पान घ्यायचा आणि तंबाखू मळत निघून जायचा. इथल्या वाचमननं पान घेतलं आणि थेट सायकलवर टांग मारली. तासाभरात जीप आली आणि काळू, चिमाजी, शकुबाईला घेऊन गेली.

आणि सातवं पान. रिवाजानं पोटातल्यालाही एक वाटा असतो.

ते पान काळूनं दोनदा पुसून मांडलं होतं. भागीचं पोट याआधी दोनदा रिकामं झालं होतं. या खेपेला निघताना त्याच्या आईनं बजावलं होतं, पाचवा लागेपर्यंत परक्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, नजर लागते. चौथा सरत आला होता. म्हणून चिमाजीनं जबाबात तोंड उघडलं नाही, शकुबाईनंही नाही. त्या दोघांना सोडून दिलं. कोयता ज्याचा, तो काळू उरला.

"हे बघ," वनपाल जरा नरमाईनं म्हणाला. त्याची जेवणाची वेळ टळून गेली होती. "सातवा सांग, मी विहिरीत पडलेली सापडली असं लिहितो. नाही सांगितलंस, तर टोळी करून शिकार केली असं होतं. सात वर्षांपर्यंत आत जाशील. चार वाजता कोर्टात न्यायचंय तुला."

सात वर्षं. काळूनं मनातल्या मनात हिशोब केला. परत येईल तेव्हा पोरगं शाळेत जात असेल. बाप जवळ नसेना का, पोरगं असेल.

"ठावं नाय," तो म्हणाला.

दारात सावली पडली. नवसाबाईच्या खांद्याचा आधार घेत भागी आत आली आणि उंबऱ्यापाशीच बसली. एवढ्या उन्हाची चालत आली म्हणून काळूला राग आला. तिच्या अंगावर नवसाबाईचं लुगडं होतं. काल जीपच्या मागं बांधावरून पळताना हिचं फाटलं असणार, त्याला वाटलं.

"सायेब," भागी म्हणाली, "ते सातवं पान माझ्या पोटातल्याचं."

"भागे!" काळू ओरडला. "पाचवा लागला नाय अजून! गप!"

वनपालाचं पेन थांबलं. त्यानं एकदा पानाकडं बघितलं, एकदा काळूकडं. मग डोक्याला हात लावून तो हसला. बऱ्याच वेळानं एक माणूस त्या खोलीत मोकळं हसत होता.

"अरे येड्या! एवढ्यासाठी जेलात निघाला होतास? मी आपला सातवा आरोपी हुडकतोय सकाळपासून." त्यानं कागद पुढं ओढला आणि विहिरीचं लिहायला घेतलं. "ताई, तुम्ही घरी जा. जिवाला जपा. उन्हातान्हात फिरू नका आता. केस कोर्टात जाईल, पण हा सुटेल बहुतेक."

काळूनं पहिल्यांदा मान वर केली. भागीच्या तोंडाकडं बघत तो अर्धवट हसला. वाटलं, झालं ते झालं, कळलं तर कळलं.

भागी उठली नाही. ती फरशीवरच्या पानांकडं बघत होती.

"सायेब, ते येक पान परत द्या," ती म्हणाली. "पहाटं बांधाला पुरलं त्याला, तवा खाली घालाया पान नव्हतं. त्याच्या वाट्याचं तुमच्याकडं व्हतं."