बूच लावताना

"हा आकडा टाकून द्यावा लागेल, वहिनी," यंत्रासमोरून न उठताच नणंद म्हणाली. "बाटलीत बाहेरची हवा शिरलीय. हवा कसली, दादाचा श्वासच आहे तो. बूच लावताना बडबडत बसला असणार."

वहिनी हसली. "गप्प कधी बसायचा तो?"

दोघी एकाच प्रयोगशाळेत कामाला होत्या. बाटल्यांत भरलेली पावडर चुनखडीच्या एका खड्याची होती. तो खडा वहिनीच्या नवऱ्याने अख्खा डोंगर पालथा घालून आणला होता. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाच्या मातीत तो तयार झालेला. त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण कळलं, की त्या काळच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता याचा अंदाज बांधता येतो. खडा कुटून झाला, बाटल्यांतली हवा काढून बुचं लावून झाली, आणि मोजणी व्हायच्या आत नवराच गेला.

बाकीच्या बाटल्यांचे आकडे असेच वाया गेले होते, आता एकच बाटली उरली होती. वहिनीने ती मुठीत धरली होती.

"आण इकडे."

"ही राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"हिच्यातही तो असेल."

नणंदेने खुर्ची वळवली. "मग काय करणार? कपाटात ठेवून रोज बघत बसणार?"

"हो."

 नणंद चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझाही दादा होता गं तो. पण हे मोजलं नाही तर त्याचा डोंगर वाया जाईल. आणि तो आत नसलाच, तर नुसती माती जपत बसशील."

बाटली वहिनीने स्वतःच यंत्रात ठेवली. रबरी बुचातून सुई आत गेली. आम्लाचे थेंब पडले, पावडर फसफसली. बऱ्याच वेळाने पडद्यावर रेघ सरकू लागली. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. आकडा चांगला यावा म्हणून एक, आणि वाईट यावा म्हणून दुसरी.

रेघ सरळ वर चढली आणि सरळ खाली आली.

"स्वच्छ आहे," नणंद म्हणाली. "हवेचा मागमूस नाही. नुसता खडा. वहिनी, दादाला हवा होता तो आकडा मिळाला."

वहिनीची नजर पडद्यावरून हलली नाही.

"मीच ओरडले होते त्याच्यावर," ती म्हणाली. "काम करताना तोंड मिटून ठेव म्हणून. जन्मात एकदाच ऐकलं त्यानं माझं."